विजेच्या तारांलगतचे धोकादायक झाड

वैशाख सरत आला की तापीखोऱ्यात वावटळी व वादळे सुरू होतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, तसेच धुळे जिल्ह्यातील शिरपूर व साक्री तालुक्यांत विहिरीवरील पंपाकडे जाणारी वीजवाहिनी पुष्कळदा बांधाच्या कडेने गेलेली असते. आणि त्याच बांधावर निंब, बाभूळ, सुबाभूळ उभी असतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, पहिल्या पावसात ती मऊ होते आणि किडलेल्या मुळांचे झाड वाऱ्याच्या एका झोतासरशी तारांवर कोसळते. म्हणून असे झाड मृगापूर्वीच हेरून उतरविणे हितावह होय.

धोक्याची चिन्हे

बुंध्याशी ढोली किंवा अळंबी, खोडाला उभी चीर, तारांकडे नव्याने आलेला कल आणि विरुद्ध अंगास उचललेली माती, ही चिन्हे पाहावीत. तारेलगतची पालवी करपलेली दिसल्यास किंवा चरचर आवाज येत असल्यास वीज झाडात उतरत आहे असे समजावे व झाडापासून दूर राहावे. हिरवे लाकूड रसामुळे वीज वाहून नेते.

घातक गैरसमज

"वीज गेली आहे, तोवर फांदी उतरवून घेऊ," हा विचार प्राणावर बेततो. शेतीपंपांचा पुरवठा ठरावीक तासांपुरता असतो. पाळी बदलली अथवा बिघाड दुरुस्त झाला की तार क्षणात जिवंत होते. पंप बंद आहे म्हणून तार मृत आहे असेही नव्हे. तिन्ही फेजांपैकी एकीत वीज असू शकते. 11,000 व्होल्टची तार असल्यास प्रत्यक्ष स्पर्शाचीही गरज नसते. जवळ गेलेल्या लोखंडी शिडीत किंवा ओल्या फांदीत वीज झेप घेते.

कामाचा क्रम

प्रथम महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. तातडीच्या वेळी 1912 या क्रमांकावर कळवावे. वायरमनने वाहिनी बंद करून, तपासून, अर्थिंग जोडल्याचे समक्ष सांगेपर्यंत कुऱ्हाड उचलू नये. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन अशा वृक्षांसाठी 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते; इतर झाडांविषयीही आधी चौकशी करावी.

तारांकडे कललेले झाड बुंध्यातून कधीही तोडू नये. कसबी माणसाकडून ते शेंड्यापासून तुकड्यातुकड्यांनी, दोर बांधून उतरवावे. विरुद्ध दिशेस पडू शकणाऱ्या झाडाला त्या अंगाने खोडाच्या सुमारे एक तृतीयांश जाडीपर्यंत खाच घ्यावी. मागील काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर घ्यावा व मध्ये जाडीचा सुमारे दशांश भाग न कापता ठेवावा. हाच भाग बिजागरीप्रमाणे झाडाला दिशा देतो. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात अन्य माणसे व गुरे नसावीत. तोडणाऱ्याने मागे तिरकस दिशेस सुटण्याची वाट आधीच मोकळी करावी. वाऱ्यात किंवा पावसात काम थांबवावे.

झाड तारेवर पडल्यास

जवळ जाऊ नये. भोवतालच्या जमिनीतही वीज असते. आधीच जवळ असल्यास दोन्ही पावले जुळवून, जमिनीवरून घासत लहान लहान सरकत दूर व्हावे. चिकटलेल्या माणसाला ओढण्याच्या घाईत दुसरा जीव जातो. आधी पुरवठा बंद करवावा.

ग्रामस्तर कार्यकर्त्यांनी चैत्र-वैशाखातच शेतकऱ्यांसह बांधावरून फिरून अशा झाडांची यादी करावी व ती वीज कार्यालयास द्यावी. झाड पुन्हा लावता येते आणि तार पुन्हा ओढता येते; घरचा कर्ता माणूस मात्र परत येत नाही.