कलकत्ता कप : चांदी इथली, हातही इथले

कलकत्ता कप म्हटले की अनेकांना कोलकात्याची एखादी फुटबॉल स्पर्धा डोळ्यांसमोर येते. तो देणारा क्लबही ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’, त्यामुळे घोटाळा साहजिकच. पण हा चषक रग्बीचा. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी झुंजतात. हल्ली कधी लंडनच्या ट्विकनहॅमला, तर कधी एडिंबराच्या मरेफील्डवर.

तो विलायतेत घडला, ही समजूतही खोटी. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात एका बाजूला इंग्रज आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटिश, आयरिश, वेल्श असा सामना झाला आणि पुढच्याच महिन्यात क्लब निघाला. पण खेळाडू पुरवणारी पलटण बदलून गेली, त्या हवेत पोलो आणि टेनिस सोयीचे वाटू लागले, फुकटचे मद्य बंद झाल्यावर तर सभासद भराभर गळाले. क्लब मोडताना कर्णधार, चिटणीस आणि खजिनदार अशी तिन्ही कामे सांभाळणाऱ्या रॉथनीने शिल्लक रकमेचा चषक करायचे सुचवले. बँकेतून चांदीचे २७० रुपये काढून वितळवले गेले. तेव्हाचा रुपया एक तोळ्याचा. म्हणजे ऐवज तीन किलोंहून थोडा अधिक. त्यातून हिंदी कारागिरांनी नागांच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला देखणा चषक घडवला. या चषकाचे खरे मोल त्या कारागिरीतच आहे.

रग्बीतला हा सर्वांत जुना चषक, असेही सांगतात. ते अर्धेच खरे. लंडनच्या रुग्णालयांच्या संघांचा युनायटेड हॉस्पिटल्स कप त्याआधीचा. दोन देशांमधल्या लढतींत मात्र कलकत्ता कपच जुना. क्लबला तर तो क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेसाठी हवा होता. इंग्लंडच्या रग्बी संघटनेने ते मानले नाही.

विजेते मूळ चषक घरी नेतात, हेही आता जुने झाले. १९८८ साली सामन्याच्या रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री या खेळाडूंनी तो एडिंबराच्या रस्त्यांवर नेला आणि त्याला जबर पोचे आले. जेफ्रीवर सहा महिन्यांची बंदी आली. रिचर्ड्स फारच हलक्या शिक्षेवर सुटला. हा न्याय पटण्याजोगा नाही. आज चषक नाजूक झाला आहे, म्हणून दोन्ही देशांनी पूर्ण आकाराच्या प्रतिकृती करून घेतल्या आहेत.

चषक गेला तशी रग्बीही इथून गेली, असे मुळीच नाही. १८८४ मध्ये कलकत्त्यात खेळ पुन्हा सुरू झाला, १८९० पासून तिथल्या क्लबांसाठी वेगळा चषकही ठेवला गेला. दहिवलीकरांना तर एवढ्या लांब जायलाही नको. कर्जतहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरले की आझाद मैदानाशेजारीच बॉम्बे जिमखाना आहे, आणि तिथे भर पावसात, चिखलात रग्बीचे सामने रंगतात.