जॉर्जने गोळी का झाडली?

सबमिशनच्या धामधुमीत जाडजूड कादंबरी वाचायला वेळ कोणाला आहे? जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) मात्र एका रात्रीत वाचून होते. शेवट आधीच सांगून टाकतो, कारण मला बोलायचंय ते शेवटाबद्दलच: जॉर्ज आपल्या जिवलग दोस्ताला, लेनीला, स्वतःच्या हाताने गोळी घालतो.

मंदीच्या काळातला कॅलिफोर्निया. दोघंही फिरते शेतमजूर, पगार महिना ५० डॉलर. लेनी अंगाने धिप्पाड, बुद्धीने लहान मूल. मऊ वस्तू कुरवाळायची हौस, पण स्वतःच्या ताकदीचा अंदाज शून्य. स्वप्न एकच, स्वतःची थोडी जमीन आणि लेनीसाठी ससे.

लेनीचा विश्वास किती? जॉर्जने एकदा चेष्टेत सांगितलं, मार नदीत उडी. पोहता येत नसताना लेनीने मारली! बुडता बुडता वाचला आणि वर जॉर्जचेच आभार मानले. त्या दिवसापासून जॉर्जने त्याची थट्टा करणं सोडलं.

आता म्हाताऱ्या कँडीचा कुत्रा. आंधळा, अंगाला वास मारणारा, पण पिल्लू असल्यापासून वाढवलेला. बराकीतले मजूर मागे लागतात आणि कार्लसन त्याला बाहेर नेऊन पिस्तुलाने मारतो. कँडी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. पुढे जॉर्जला म्हणतो, परक्याच्या हाती द्यायला नको होतं, मीच मारायला हवं होतं. माझ्या मते शेवटाची किल्ली इथे आहे.

मालकाच्या मुलाची, कर्लीची, बायको लेनीच्या हातून मरते, तीही ती ओरडू नये या भीतीपोटी. कर्ली त्याला हाल करून मारायला निघतो. लेनी लपतो कुठे, तर काही बिनसलं तर इथे ये असं जॉर्जने सांगून ठेवलेल्या नदीकाठीच. जॉर्ज तिथे येतो. रागावला नाहीस ना, विचारल्यावर नाही म्हणतो. नदीपलीकडे बघायला लावतो, सशांची गोष्ट सांगतो आणि मागून गोळी झाडतो. पिस्तूल कार्लसनचंच.

याला दयामरण म्हणायचं का? लेनीने मरण मागितलेलं नाही, त्याला कोणी विचारलेलंही नाही. ज्या विश्वासाने त्याने नदीत उडी मारली, त्याच विश्वासाचा जॉर्जने इथे वापर केला. हे मला खुपतं. पण दुसरा पर्याय काय होता? कर्लीची बंदूक, नाहीतर कुठेतरी बांधून, कोंडून ठेवणं. लेनी घाबरून मेला नाही, एवढंच जॉर्जला देता आलं. मी जॉर्जच्या बाजूने आहे, पण पूर्ण मनाने नाही.

बाकीचे येतात तेव्हा तो खोटंच सांगतो, पिस्तूल लेनीकडे होतं, मी हिसकावून घेतलं. खरं काय ते एकट्या स्लिमला कळतं, तो जॉर्जला घेऊन निघतो. या दोघांना एवढं काय झालंय, हे कार्लसनला मात्र समजत नाही.