ब्रह्मकमळ एका रात्रीचे; मोबाइलवर फोटो कसा काढाल?

धाराशिव : पावसाळ्यात कुंडीतले ब्रह्मकमळ उमलले की शेजारीपाजारी मोबाइल घेऊन जमतात. पण पहाटेपर्यंत फूल कोमेजते. फोटो बिघडला, तर त्या फुलाचा पुन्हा काढता येत नाही.

हे फूल नेमके कोणते?
आपल्या अंगणातले ब्रह्मकमळ हे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील, निवडुंगाच्या कुळातले. हिमालयातील ब्रह्मकमळ वेगळे. ते सूर्यफुलाच्या कुळातले.

तयारी कधी करावी?
लोंबणारी कळी वर वळून टपोरी झाली, की फुलण्याची वेळ जवळ आली समजा. रात्री आठ-नऊच्या सुमारास पाकळ्या उघडू लागतात, मध्यरात्रीपर्यंत फूल पूर्ण उमलते. मोबाइल आधीच चार्ज करून ठेवा.

फोटो कसा काढावा?
- फ्लॅश बंद ठेवा. समोरच्या झगझगीत उजेडात पांढऱ्या पाकळ्यांचे बारकावे पुसले जातात.
- दुसऱ्या मोबाइलची टॉर्च बाजूने धरा. तिच्यापुढे पातळ पांढरा कागद धरल्यास उजेड सौम्य होतो.
- स्क्रीनवर फुलावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा.
- वीतभर अंतर ठेवा. फार जवळ गेल्यास फोकस बसत नाही.
- मोबाइल स्टुलावर टेकवून टायमर लावा. उमलणे टिपायचे असेल, तर टाइमलॅप्स वापरा.