मध्यम अंतराच्या केबलवरून मायक्रोकंट्रोलरमधील सिरियल संदेशवहन : वऱ्हाडातील संत्राबागेच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी हे तालुके नागपुरी संत्र्याचे आगर म्हणून ओळखले जातात. भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके म्हणूनही त्यांची नोंद होते. येथील बागेत पाण्याचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडांना ताण दिला जातो, तर मृग बहारासाठी हाच ताण एप्रिल-मे महिन्यांत द्यावा लागतो. एकाच बागेचा एक भाग आंबियाचा आणि दुसरा मृगाचा असेल, तर मे महिन्याच्या उन्हात पहिल्या भागाला पाणी न मिळाल्यास फळगळ होते आणि दुसऱ्या भागाला चुकून मिळाल्यास ताण मोडतो. व्हॉल्व्ह क्रमांक २ ऐवजी क्रमांक ३ उघडणे ही येथे किरकोळ चूक नव्हे. तिच्यापायी एका बहाराचे उत्पन्न जाऊ शकते.

त्यातच शेतीपंपांना अनेक वर्षे आळीपाळीने, म्हणजे दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास, वीज मिळत आली. २०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही वाहिन्यांवर दिवसा वीज मिळू लागली असली, तरी रात्रीच्या ओलिताची सवय आणि त्यातील साप-रानडुकरांची धास्ती शेतकऱ्याला चांगलीच परिचित आहे. मोटारीला ऑटो स्विच बसवून वीज येताच पंप सुरू करता येतो. परंतु कोणता व्हॉल्व्ह उघडावा हे ऑटो स्विचला ठाऊक नसते. त्यासाठी विहिरीजवळील एक मायक्रोकंट्रोलर आणि बागेच्या दूरच्या कोपऱ्यातील दुसरा मायक्रोकंट्रोलर यांच्यात संभाषण व्हावे लागते. अमरावती व अकोला येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्पाचा विषय सहज सुचतो आणि प्रयोगशाळेत तो यशस्वीही होतो. तोच प्रकल्प बागेत का फसतो, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन टोकांचे शून्य

पाच एकरांच्या चौरस बागेची बाजू सुमारे १४२ मीटर आणि कर्ण सुमारे २०० मीटर भरतो. दूरध्वनीच्या मानाने हे अंतर नगण्य, सर्किट बोर्डाच्या मानाने मात्र अफाट होय. मध्यम अंतर म्हणावयाचे ते हेच. एवढ्या लांबीत संदेश क्षीण होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः चुकीचा नसला तरी खऱ्या अडचणीकडे दुर्लक्ष करायला लावतो.

टेबलावर ३० सेंटिमीटर तारांनी जोडलेल्या दोन ८०५१ मायक्रोकंट्रोलरमध्ये एक तार संदेश पाठविण्याची, दुसरी घेण्याची व तिसरी ग्राऊंडची असते. घेणारा मायक्रोकंट्रोलर आलेला व्होल्टेज आपल्या स्वतःच्या ग्राऊंडच्या तुलनेत मोजतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ०.९ व्होल्टच्या खालचा संकेत तो शून्य मानतो आणि सुमारे १.९ व्होल्टच्या वरचा संकेत एक मानतो. पाठविणाऱ्याचे शून्य आणि घेणाऱ्याचे शून्य एकच आहे, हे यात न सांगता गृहीत धरलेले असते. टेबलावर ते खरे असते.

बागेत काय घडते ते एका साध्या गणिताने कळते. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सियसला दर किलोमीटरला सुमारे ८७ ओहम असतो. म्हणजे २०० मीटरला सुमारे १७.५ ओहम. केबलमधील तारा वाचविण्यासाठी व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडचा ०.३ अँपिअर प्रवाह संदेशाच्याच ग्राऊंड तारेतून परत आणला, तर ओहमच्या नियमानुसार त्या तारेच्या दोन टोकांत ५.२५ व्होल्टचा फरक पडतो. संदेश स्वतः ५ व्होल्टचा आणि शून्याची चूक त्याहून मोठी! व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत सर्व सुरळीत चालते. तो उघडताच संभाषण तुटते आणि व्हॉल्व्ह बंद करण्याचा आदेश पोहोचतच नाही. दोष प्रोग्राममध्ये शोधला जातो, कारण तो व्हॉल्व्ह उघडण्याच्या ओळीनंतरच प्रकट होतो. वास्तविक दोष तारेत असतो. उन्हात केबल ६० अंशांपर्यंत तापली, तर तांब्याचा रोध आणखी सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, हे वेगळेच.

यावरचा पहिला उपाय स्वस्त आहे : व्हॉल्व्हच्या प्रवाहाला स्वतंत्र जोडी द्यावी, संदेशाच्या ग्राऊंडमधून तो नेऊ नये. मात्र तेवढ्याने भागत नाही. विहिरीवर तीन फेजची मोटार असते. दूरच्या पेटीचे अर्थिंग वेगळे केलेले असेल, तर मोटारीच्या गळतीच्या प्रवाहामुळे आणि असमतोल फेजमुळे दोन ठिकाणच्या जमिनीतच काही व्होल्टचा फरक असू शकतो. शून्ये भिन्न असणे हीच नैसर्गिक स्थिती होय, आणि संदेशवहनाची रचना तिच्याशी जुळवून घ्यावी लागते.

फरक मोजण्याची युक्ती

आरएस-२३२ हे १९६० च्या दशकातील मानक येथे थोडाच आधार देते. मॅक्स२३२ सारखी आयसी संदेश धन व ऋण व्होल्टेजच्या रूपात पाठविते, त्यामुळे चुकीला वाव अधिक मिळतो. परंतु संदर्भ पुन्हा ग्राऊंडचाच राहतो. शिवाय या मानकात एकूण धारकतेची मर्यादा २५०० पिकोफॅरड आहे. मीटरला ५० पिकोफॅरड धारकतेची केबल घेतली, तर ५० मीटरलाच ती संपते. आयटूसी तर १९८२ मध्ये फिलिप्सने एकाच बोर्डावरील आयसींसाठी तयार केलेली पद्धत आहे. तिला बागेत नेणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणेच होय.

१९८३ मध्ये आलेल्या आरएस-४८५ मानकाने प्रश्नच बदलला. त्यात संदेश पीळ दिलेल्या दोन तारांच्या जोडीवरून जातो आणि घेणारा ग्राऊंडशी तुलना न करता त्या दोन तारांमधील फरक मोजतो. पाठविणाऱ्याने भार असतानाही किमान १.५ व्होल्टचा फरक निर्माण करावा आणि घेणाऱ्याने ०.२ व्होल्टचा फरकही ओळखावा, अशी अट आहे. दोन्ही तारांवर सारखाच उपद्रव झाला, तर वजाबाकीत तो निघून जातो. मोटार सुरू होतानाचा झटका दोन्ही तारांवर सारखा पडावा यासाठीच तर पीळ असतो. सुट्या, समांतर तारा वापरणाऱ्याने निम्मा लाभ सोडून दिलेला असतो.

येथे एक गैरसमज नोंदविणे आवश्यक आहे. आरएस-४८५ ला दोनच तारा पुरतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु घेणाऱ्या आयसीच्या ग्राऊंडच्या तुलनेत तारांवरील व्होल्टेज उणे ७ ते अधिक १२ या मर्यादेत असावे, असे मानकच सांगते. वरील उदाहरणातील ५.२५ व्होल्टची चूक या मर्यादेत बसते. दोन अर्थिंगमधील फरक बसेलच याची हमी नाही. म्हणून तिसरी तार ग्राऊंडची ठेवून ती सुमारे १०० ओहमच्या रोधातून जोडावी, अथवा ऑप्टोकपलर व वेगळा वीजपुरवठा देऊन दोन टोके विद्युतदृष्ट्या पूर्ण विलग करावीत. खर्च थोडा वाढतो, पण विहिरीवर मोटार असताना दुसरा मार्गच अधिक श्रेयस्कर ठरतो.

वेग आणि घड्याळ

आरएस-४८५ १२०० मीटरपर्यंत आणि कमी अंतरावर १० मेगाबिट वेगाने चालते, हे वाचून वेग वाढविण्याचा मोह होतो. व्हॉल्व्हला मात्र त्याची मुळीच गरज नसते. दहा बाइटचा आदेश १२०० बॉडवर सुमारे ८३ मिलिसेकंदांत जातो. ठिबकच्या नळीत दाब तयार होण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

मंद वेगाचा दुसरा लाभ असा की, केबलच्या टोकावरून परतणारे प्रतिध्वनी निरुपद्रवी होतात. केबलमध्ये संकेत मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद घेतो, म्हणजे २०० मीटर जाऊन परत येण्यास २ मायक्रोसेकंद. ९६०० बॉडवर एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो व तो मधोमध वाचला जातो. तोपर्यंत प्रतिध्वनी विरून गेलेला असतो. १ मेगाबिटवर मात्र अख्खा बिटच १ मायक्रोसेकंदाचा असल्याने दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध अनिवार्य होतात. सौर पॅनेल व लहान बॅटरीवर चालणाऱ्या पेटीला हे रोध महाग पडतात, कारण संदेश पाठविताना त्यांतून २५ मिलिअँपिअर वा अधिक प्रवाह वाहतो. अशा ठिकाणी मॅक्स४८५ ऐवजी मुद्दाम मंद कडा देणारी मॅक्स४८७ आयसी घेणे शहाणपणाचे असते.

घड्याळाकडे दुर्लक्ष हे अपयशाचे आणखी एक कारण. या पद्धतीत घड्याळाची तार नसते. दोन्ही बाजूंनी वेग सारखा राखावयाचा असतो. ८०५१ ला ११.०५९२ मेगाहर्ट्झचा विचित्र वाटणारा क्रिस्टल लावतात तो याचसाठी : त्यास प्रथम १२ ने, मग ३२ ने व शेवटी ३ ने भागले की बरोबर ९६०० येतात. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावल्यास १०,४१७ येतात, म्हणजे ८.५ टक्क्यांची चूक. दहा बिटांच्या चौकटीत एकूण ५ टक्क्यांच्या आसपासची चूकच सहन होते. काही मायक्रोकंट्रोलरमधील अंतर्गत आरसी घड्याळ तापमानानुसार सरकते; जानेवारीत प्रयोगशाळेत जुळलेली दोन यंत्रे मे महिन्यात, बंद पेटीत, अकोल्याच्या उन्हात एकमेकांना ओळखेनाशी होतात. दोन्ही टोकांना क्रिस्टल लावणे हा यावरचा काही रुपयांचा उपाय आहे.

जमीन, खारे पाणी आणि वीज

पुस्तकात केबल ही एक रेषा असते. वऱ्हाडातील काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात. ताणून पुरलेली केबल दोन-तीन हंगामांत तुटते वा तिचे जोड सैल होतात. ती धुऱ्याच्या कडेने, पाइपातून व सैल ठेवून न्यावी. पाइप उंदरांपासून आणि डवऱ्याच्या फाळापासूनही तिचे रक्षण करतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला व अमरावती जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात संत्राबाग नसली तरी शेततळे व तुषार सिंचन असते. तेथील क्षारयुक्त ओलावा उघड्या जोडावर तांब्याला हिरवा करून सोडतो. जमिनीखाली जोडच ठेवू नये, हा तेथील पहिला नियम.

मान्सूनपूर्व वादळांपुढे मात्र गणित नम्र होते. १० किलोअँपिअरचा वीजप्रवाह ५ ओहमच्या अर्थिंगमधून जमिनीत गेला, तर तेथील शून्य क्षणभर ५० किलोव्होल्टने उंचावते. ऑप्टोकपलर काही हजार व्होल्ट सोसतो, त्याहून अधिक नाही. केबल पेटीत शिरते तेथे वायुभरित नळी व टीव्हीएस डायोड बसविल्यास जवळपास पडलेल्या विजेचा बहुतांश आघात टळतो. थेट पडलेल्या विजेवर इलाज नाही. येथेच ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील परवानामुक्त रेडिओचा पर्याय अधिक आकर्षक वाटतो. व्हॉल्व्ह एक-दोनच आणि दूरदूर असतील, तर तोच निवडावा. एकाच धुऱ्याला आठ-दहा व्हॉल्व्ह असतील, तर केबल अजूनही सोयीची पडते.

आदेश हरवल्यास

इतके करूनही एखादा बिट कधीतरी उलटतोच. पत्त्यातील एका बिटाच्या बदलाने व्हॉल्व्ह ३ चा आदेश व्हॉल्व्ह २ ला जाऊ शकतो, आणि ताणावरील झाडांना पाणी सुटते. म्हणून प्रत्येक आदेशात पत्ता, कृती व १६ बिटांचा सीआरसी असावा. तो जुळला नाही तर आदेश टाकून द्यावा. १९७९ पासून कारखान्यांत वापरात असलेल्या मॉडबस पद्धतीत ही सोय आयती मिळते. पाठविणाऱ्याने शेवटचा बिट तारेवरून गेल्यावरच आपली बाजू सोडावी. बफर रिकामा होताच ती सोडली, तर शेवटचा बाइट कापला जातो आणि सीआरसी कधीच जुळत नाही. विद्यार्थ्यांचे कित्येक दिवस या एका ओळीत खर्ची पडतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. सर्व व्हॉल्व्ह बंद असताना पंप सुरू झाल्यास दाब नळ्या व जोड फोडतो. म्हणून आधी व्हॉल्व्ह उघडावा, त्याची पोच यावी, मगच स्टार्टरला आदेश जावा. बंद करताना आधी मोटार, नंतर व्हॉल्व्ह. पोच तीन प्रयत्नांनंतरही न आल्यास मोटार सुरूच करू नये आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना जावी. वीज वाचविणारे लॅचिंग सोलेनॉइड शेवटच्या आदेशाच्या स्थितीतच राहतात, त्यामुळे केबल तुटल्यास उघडा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. अशा पेटीतील मायक्रोकंट्रोलरने ठरावीक काळ विहिरीकडून काहीच न ऐकल्यास व्हॉल्व्ह स्वतःहून बंद करावा. हा काळ विहिरीवरील मायक्रोकंट्रोलरच्या मोटार थांबविण्याच्या काळापेक्षा जास्त ठेवावा लागतो, अन्यथा चालू मोटारीसमोर व्हॉल्व्ह मिटेल. केबल तुटल्यावर विहिरीवरील यंत्राने २ मिनिटांत मोटार थांबवावी आणि बागेतील यंत्राने ५ मिनिटांनी व्हॉल्व्ह मिटवावा, असे अंतर पुरेसे होते.