दोन वह्या शेजारी ठेवल्या आणि...

बालमित्रांनो, एक कोडं घालते. रंग नाही, वास नाही, पाण्यातून गुपचूप पोटात जातं आणि मेंदूवर घाला घालतं. ओळखा पाहू! हरलात? ते आहे शिसं! घाबरू नका, तुमच्या शिसपेन्सिलीत ते नसतं बरं का. तिच्यात असतं ग्रॅफाइट. शिसं हा धातू. पूर्वी पाण्याचे पाइप करायला तो सर्रास वापरत. लहान मुलांच्या अंगात तो गेला, तर शिकणं, लक्ष लागणं जड जातं. आणि बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही. मग कळायचं कसं?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. पैसे वाचावेत म्हणून एप्रिल २०१४ मध्ये तिथं डेट्रॉईटकडून येणारं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. पाइप झिजू नयेत म्हणून पाण्यात एक रसायन घालतात, तेही घातलं नाही. झालं! जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या इंजिनांच्या कारखान्यानं सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणं थांबवलं. माणसं मात्र तेच पाणी पीत राहिली!

२०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्‌स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फ्लिंटमधल्या लोकांना बाटल्या पाठवल्या. अडीचशेहून अधिक घरांनी नळाचं पाणी भरून परत दिलं. कुठल्या वॉर्डात किती शिसं, ते कळलं. ही झाली पाण्याची वही. पण ते पाणी पिऊन कुणाला काय झालं, हे तिच्यात नव्हतं.

दुसरी वही होती रक्ताची. हर्ले रुग्णालयात लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासून नोंदी ठेवलेल्या होत्या. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हाना-अटिशा यांना पाण्याची जाणकार असलेल्या मैत्रिणीनं सावध केलं. डॉक्टरांनी पाच वर्षांखालच्या मुलांच्या नोंदी काढल्या, पत्त्यांवरून नकाशावर मांडल्या आणि पाण्याच्या वहीशी ताडून पाहिल्या. २४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की मुलांच्या रक्तात शिसं वाढलंय! सरकारी अधिकारी आधी म्हणाले, हिशेब चुकलाय. पण सरकारच्या स्वतःच्या नोंदींतूनही तेच निघालं. १६ ऑक्टोबरला डेट्रॉईटचं पाणी पुन्हा सुरू झालं.

पुढे छापलेल्या अभ्यासातले आकडे पाहा. रक्तात मर्यादेबाहेर शिसं असलेली मुलं पाणी बदलण्यापूर्वी हजारात २४ होती, नंतर ४९ झाली. ज्या वॉर्डांच्या पाण्यात सर्वांत जास्त शिसं, तिथं तर ४० वरून १०६! शहराबाहेर, जिथं पाणी बदललं नव्हतं, तिथं फारसा फरक नव्हता. आता चोर कोण, हे सांगायला हवं का?

मुलांनो, शिशानं झालेलं नुकसान भरून काढणं फार अवघड. म्हणून या वह्या वेळेवर एकमेकींना भेटायला हव्यात. पाणी तपासणारे, डॉक्टर आणि शाळा यांच्या नोंदी वेगवेगळ्या कपाटांत कुलूपबंद राहिल्या, तर त्या मुक्याच! मुलांची नावं झाकून ठेवावीत, आकडे मात्र उघडे असावेत.

आणि हो, तुमच्या नळाला गढूळ पाणी आलं, तर तारीख टाकून वहीत लिहून ठेवा आणि घरी, शाळेत सांगा. कुणास ठाऊक, तुमची ती ओळ कुणाच्या तरी वहीशी जुळेल!