वापर-अहवाल बंद केल्यानंतर डेटाबेस प्रणालीच्या जाळे-वाहतुकीची पडताळणी

प्रस्तावना : महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांचा आधार क्रमांक, जात प्रमाणपत्र व शिष्यवृत्तीचे बँक खाते हा तपशील आज कार्यालयातील डेटाबेसमध्ये नोंदविला जातो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अशा माहितीच्या रक्षणाची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर सोपविली आहे. म्हणून डेटाबेस प्रणाली बाहेर काय पाठविते, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

स्वरूप : अनेक प्रणाली आपल्या वापराचा अहवाल निर्मात्या कंपनीस पाठवितात. इन्फ्लक्सडीबीच्या पहिल्या आवृत्तीमालेत हा अहवाल दर २४ तासांनी जातो. तो बंद करण्याची सोय आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या एक्सप्रेस या मोफत आवृत्तीत मात्र तो बंद करता येत नाही. तक्त्यांतील मजकूर आपण घेत नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे.

पद्धत : पडताळणीसाठी स्वतंत्र संगणकावर केवळ नमुना माहिती भरावी. प्रथम अहवाल सुरू ठेवून वायरशार्कच्या साहाय्याने वाहतूक टिपावी. अहवाल सुरू असताना तो टिपला गेला, तरच बंद असतानाच्या शांततेला अर्थ प्राप्त होतो. नंतर अहवाल बंद करून, प्रणाली पुन्हा सुरू करून, किमान ४८ तास निरीक्षण करावे. दिवसातून एकदाच जाणारा अहवाल तासाभराच्या पाहणीत सापडत नाही. १२७.०.०.१ या पत्त्यावरील वाहतूक संगणकाच्या आतलीच असल्याने ती वगळावी. नेटस्टॅट आज्ञेने प्रत्येक जोडणी कोणत्या प्रक्रियेची आहे हे तपासावे, अन्यथा विंडोजचे अद्ययावतीकरण डेटाबेसच्या नावे मांडले जाईल. नव्या आवृत्तीची चौकशी व वापर-अहवाल या दोन भिन्न बाबी असून एक बंद केल्याने दुसरी बंद होतेच असे नाही.

मर्यादा : ही वाहतूक बहुधा सांकेतिक असते. त्यामुळे पत्ता, वेळ व आकारमान कळते. मजकूर कळत नाही. एसक्यूएल सर्व्हरमधील स्थानिक लेखापरीक्षणाची सोय पाठविलेल्या माहितीची नोंद दाखविते, परंतु ती नोंदही त्याच कंपनीची असते.

निष्कर्ष : वाहतूक न आढळणे हा त्या आवृत्तीपुरता व त्या कालावधीपुरता पुरावा होय. प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर पडताळणी पुन्हा करावी, आणि विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या संगणकाचा बाहेर जाणारा मार्ग फायरवॉलनेच रोखावा. प्रणालीतील नियंत्रण निर्मात्याच्या हाती असते. फायरवॉलचे नियंत्रण महाविद्यालयाच्या हाती राहते.