खुर्चीवरून स्टुलावर

तेलगावच्या चौकात उभे राहिले की चार वाटा दिसतात. एक वडवणीवरून बीडला जाते, दुसरी सिरसाळ्यावरून परळीला, तिसरी माजलगावला आणि चौथी घाट चढून धारूरला. या चारही वाटांनी येणारे रोगी पाहण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. नोकरी सरकारी, परिसरातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर. केंद्राचे नाव मुद्दामच सांगत नाही. पुढे ज्या चुका सांगायच्या आहेत त्या माझ्या आहेत, त्या बिचाऱ्या इमारतीच्या नव्हेत.

२०१९ सालच्या जुलै महिन्यात एक पत्र आले. आपल्या केंद्रावर दोन इंटर्न डॉक्टर दोन महिन्यांकरिता येत असून त्यांचे मार्गदर्शक म्हणून आपण काम पाहावे, असा मजकूर. पत्र वाचून मला आनंद झाला. तो आनंद ज्ञानदानाचा होता असे म्हणायला आवडले असते, पण मनात पहिला विचार आला तो असा की, चला, केसपेपर लिहायला एक आणि रक्तदाब मोजायला एक, अशी दोन माणसे फुकटात मिळाली! त्यापूर्वीही इंटर्न येत. आठवड्यातून दोनदा तोंड दाखवीत, वहीवर सह्या घेत आणि पदव्युत्तर परीक्षेची जाडजूड पुस्तके काखोटीला मारून परत जात. मीही सह्या करून मोकळा होत असे. त्यांनाही सोय, मलाही सोय.

या खेपेला आलेली दोघे वेगळी निघाली. मुलगा नांदेडकडचा, शांत. मुलगी पुण्याची, आणि शांत या शब्दाशी तिची ओळख नव्हती. पहिल्याच दिवशी, ओपीडीत साठ-सत्तर माणसे दाटलेली असताना, मी एका म्हाताऱ्याला नेहमीचे लाल इंजेक्शन लिहून दिले. ती शेजारी उभी होती. स्वच्छ आवाजात म्हणाली,

"सर, हे इंजेक्शन कशासाठी?"

प्रश्न साधा होता. म्हाताऱ्याची पाठ दुखत होती आणि लाल सुईत होती जीवनसत्त्वे. पाठीचा आणि त्या सुईचा काही संबंध नाही, हे मला तिच्याइतकेच ठाऊक होते. पण सुई टोचल्याखेरीज दवाखान्यात गेल्यासारखे वाटत नाही, अशी आमच्याकडची समजूत. ती समजूत दुरुस्त करायला पाच मिनिटे लागतात आणि सुईला अर्धे. रोज शंभर माणसे पाहायची तर हिशेब उघड आहे. हे सगळे मी तिला सांगू शकलो असतो, पण म्हातारा ऐकत होता. मी म्हणालो, "नंतर सांगतो." त्या दिवशी 'नंतर सांगतो' हे मी सात वेळा म्हणालो. सात हा आकडा तिनेच संध्याकाळी सांगितला. तिने वहीत लिहून ठेवले होते.

रात्री झोप लागली नाही. मला रोग्यावर उपचार करायला शिकवले होते, पण उपचार शिकवायला कुणी शिकवले नव्हते. आपल्याकडे तशी पद्धतच नाही. १९४६ साली भोर समितीने सांगून ठेवले होते की, देशाला गावात राहून काम करणारा पायाभूत डॉक्टर हवा आणि त्याच्या शिक्षणात समाजवैद्यकाचे तीन महिने असावेत. १९७५ साली श्रीवास्तव समितीने तेच दुखणे पुन्हा मांडले. मग १९७७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना ग्रामीण भागाशी जोडण्याची योजना आली. आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले ते त्याच दशकात. २०२१ च्या नियमांनी इंटर्नचा समाजवैद्यकाचा काळ बारा आठवडे केला आहे. शिकणाऱ्याने कुठे आणि किती दिवस राहावे याचा विचार झाला. त्याच्या शेजारी जो उभा राहणार, त्याने काय करावे हे मात्र पत्रातल्या 'मार्गदर्शक' या एका शब्दावर भागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी खुर्ची त्या मुलीला दिली आणि कोपऱ्यातले लोखंडी स्टूल ओढून भिंतीशी बसलो. शिपाई दचकला. रोगी तर जास्तच दचकले. "सायेबाची बदली झाली का काय?" असे एक आजीबाई दारातच विचारत्या झाल्या. मी सांगितले, "आज या डॉक्टर तपासतील. मी इथंच आहे." आणि एक नियम केला. चार माणसांत तिला 'डॉक्टर' आणि 'तुम्ही' म्हणायचे. 'अगं-तूगं' चहाच्या वेळी. रोग्यापुढे तिचा शब्द मी खोडला तर पुन्हा त्या खुर्चीवर बसून ती काय करणार?

स्टुलावर बसणे म्हणजे गप्प बसणे, आणि गप्प बसण्यासारखे अवघड काम मी जन्मात केले नव्हते. एक पन्नाशीची बाई आली. रक्तदाबाची जुनी रोगी. वर्षानुवर्षे मी तिला गोळ्या लिहून देत होतो आणि दाब खाली येत नव्हता. दर वेळी मी तिला रागावत असे, मीठ कमी करा, गोळ्या चुकवू नका. त्या दिवशीही तोंडाशी तेच शब्द आले होते, मी दात आवळून धरले. मुलीने विचारले,

"मावशी, ऊसतोडीला जाता ना तुम्ही? तिकडं गोळ्या कुठून घेता?"

बाई हसली. "तिकडं कुठल्या गोळ्या, बाई? सायेब तीस देतेत. म्या जाती पाच-सहा महिने करनाटकात."

मी तीस गोळ्या देत होतो, कारण महिन्याच्या तीस द्यायच्या असे कधीतरी ठरून गेले होते. दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरभरून माणसे जातात, हे माझ्या डोळ्यांसमोरून दर वर्षी जात होते. तेलगावातच साखर कारखाना आहे, ऊसतोड म्हणजे काय हे मला कुणी परगावच्याने सांगावे अशी परिस्थिती नव्हती. तरी तो एक प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नाही, आणि पुण्याच्या पोरीला सुचला. तिला ऊसतोडीतले काहीच माहीत नव्हते, म्हणून ती विचारत होती.

विलायतेत या शिकवण्याचे रीतसर शास्त्र झाले आहे. तिकडे साधा फॅमिली डॉक्टर होण्यासाठीही पदवीनंतर काही वर्षे उमेदवारी करावी लागते, आणि ती ज्याच्या दवाखान्यात करायची त्या डॉक्टरची शिक्षक म्हणून आधी पारख होते. मायकेल बालिंट नावाचे मूळचे हंगेरीचे डॉक्टर १९५० नंतरच्या काळात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांना नियमाने एकत्र बसवीत आणि प्रत्येकाला आपला अडलेला रोगी सर्वांपुढे मांडायला लावीत. त्यांचे पुस्तक १९५७ साली निघाले. रोग्याला सर्वांत जास्त वेळा दिले जाणारे औषध म्हणजे खुद्द डॉक्टर, आणि त्याची मात्रा किती हे कुणीच तपासलेले नाही, असा त्यांचा रोख होता. आम्ही चहाच्या वेळी जे करू लागलो ते याचेच गावठी रूप म्हणायचे. फरक इतकाच की आमच्या बैठकीत सिस्टरही असत. वास्तविक बाळंतपण कसे करावे हे त्या दोघांना मी शिकवले नाही, सिस्टरने शिकवले. शेजारच्या जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून अल्पशिक्षित, काही तर निरक्षर, बायकांना गावाच्या आरोग्याचे काम शिकवले आणि पुढे त्याच बाया बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना धडे देऊ लागल्या. तेव्हा आमच्याकडे काही जगावेगळे घडले असे नाही.

गप्प बसणे जमू लागले, आणि त्यातला धोका एका रात्री कळला. आठ वर्षांचा मुलगा आणला होता. विंचू चावलेला. नांदेडकडचा मुलगा ड्यूटीवर होता, मी मागे हात बांधून उभा. पोराला दरदरून घाम सुटलेला, तोंडातून लाळ, हातपाय बर्फासारखे गार. इंटर्नने वेदना पाहिली, डंखाच्या जागी भूल दिली, ती योग्यच. मग एका जुन्या सवयीच्या इंजेक्शनाकडे त्याचा हात गेला, जे या अवस्थेत उपयोगाचे तर नाहीच, उलट घातक ठरू शकते. त्या क्षणी मी स्टूल, शास्त्र, सगळे विसरून पुढे झालो.

"डॉक्टर, थांबा. हातपाय गार का आहेत?"

हा प्रश्न मराठी डॉक्टरांना विचारायला लावला तो डॉ. हिंमतराव बावस्करांनी. हे मूळचे आमच्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर काम करताना लाल विंचवाने चावलेली माणसे त्यांनी रात्र-रात्र उशाशी बसून पाहिली आणि ओळखले की, माणूस मरतो तो हृदयावर येणाऱ्या ताणाने आणि फुप्फुसात भरणाऱ्या पाण्याने. त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश साप्ताहिकात छापून आले. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी यावर गुणकारी ठरते हे त्यांनी दाखवले, आणि मृत्यूचे प्रमाण कुठल्या कुठे खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साध्या केंद्रावर बसलेल्या डॉक्टरने नुसत्या पाहण्याने हे केले, ही गोष्ट मी त्या मुलाला पहाटे सांगितली. तोपर्यंत आम्ही दोघे पोराला आडवे ठेवून, दर तीन तासांनी गोळी देत, त्याचे तळपाय चाचपत बसलो होतो. साडेपाचला पाय ऊबदार लागले. मुलाच्या आईने आधी इंटर्नच्या पाया पडायला हात पुढे केला, मग माझ्या. क्रम मला आवडला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला बसलो, ती.

ऑगस्टच्या अखेरीस एकोणतीस वर्षांची बाई आली. तीन मुले, ऊसतोडीचा कोयता. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादमाकडून उचल त्या जोडीच्या नावे घ्यायची, आणि कामाला दांडी पडली की खाड्याचे पैसे त्यातून कापायचे. बाई म्हणाली, "पिशवी काढायचीय. चिठ्ठी द्या."

त्या वर्षी हा विषय वर्तमानपत्रांतून गाजत होता. राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साधारण सहांमागे एक. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीखेरीज ही शस्त्रक्रिया करू नये, असा नियमही झाला होता. मुलीने हे सगळे वाचले होते. ती एकदम ताठ झाली. "नाही मिळणार चिठ्ठी. हे चुकीचं आहे." बाई उठली, पदर सावरला आणि दाराकडे निघाली.

"डॉक्टर," मी म्हणालो, "यांना तपासलंत का?"

मुलीचा चेहरा उतरला. तिने बाईला हात धरून परत बसवले, आत नेऊन तपासले. अंगावरून पांढरे जात होते, दिवसांत रक्त फार जात होते, ओटीपोट दुखत होते. जंतुसंसर्ग, आणि अंगात रक्त कमी. गोळ्यांनी बरे होणारे दुखणे. पण बाई म्हणाली, "गोळ्यांनी पुन्हा पुन्हा व्हतंय. आन् आज ना उद्या कॅन्सर व्हतो म्हणत्यात." फडात न्हाणीघर नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. मुलगी तासभर तिच्याशी बोलत होती. बाहेर रांग ओरडत होती, ती मी स्टुलावरून उठून संपवली.

चहाच्या वेळी मुलीने विचारले, "सर, तुम्ही अशा चिठ्ठ्या किती लिहिल्यात?"

मला 'नंतर सांगतो' म्हणता आले नाही. माझ्याजवळ आकडाच नव्हता. रोगी पुढे पाठवल्याची नोंद असते, पण माझ्या नोंदींत नाव, वय आणि पुढे पाठवले एवढेच शब्द होते. त्या आठवड्यात मी जुनी रजिस्टरे काढून बसलो. अकरा नावे अशी सापडली की, ती बाई का आली होती आणि मी काय लिहून दिले हे मला लख्ख आठवले. बाकीची नावे पुसट. त्यांतली किती त्याच कारणाची, हे आता कळण्याचा मार्ग नाही. मी कुणाचे पोट फाडले नाही, पैसा खाल्ला नाही. बाई आग्रहाने मागत होती, मी पाच मिनिटे वाचवीत होतो, एवढेच. लाल सुईचाच हिशेब, फक्त मोठा.

अकरांपैकी एक जवळच्याच वस्तीवर राहते. सिस्टरला बरोबर घेऊन गेलो. वय चौतीस. ऑपरेशन सत्ताविसाव्या वर्षी. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही गेलेली, त्यामुळे अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, कंबर आणि गुडघे साठीच्या बाईसारखे दुखतात. तरी दर वर्षी ऊसतोडीला जाते. "तुमच्यामुळं सुटले तवा दुखण्यातून," असे ती म्हणाली आणि तिने आम्हाला चहा केला. मी कॅल्शियमच्या गोळ्या आणि तपासणीचा दिवस लिहून दिला. दुसरे काय बोलायचे ते मला सुचले नाही. परत येताना सिस्टरही काही बोलली नाही.

हे मी त्या दोघांना सांगितले. मार्गदर्शकाने शिष्यांपुढे इतके उघडे व्हावे की नाही, याबद्दल माझे सहकारी वाद घालतात. धाक राहत नाही म्हणतात. धाक थोडा कमी झाला हे खरे. पण शेवटच्या आठवड्यात नांदेडकडच्या मुलाने आपण होऊन सांगितले की, विंचवाच्या रात्री त्याला उत्तर माहीत नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. ते त्याने पहिल्या आठवड्यात सांगितले नसते, आणि मला ठाऊक नसलेल्या त्या गोष्टीने एखादे पोर गेले असते.

त्या वर्षीपासून रजिस्टरात मी एक जास्तीचा रकाना आखतो. पुढे पाठवण्याचे कारण, आणि परत आल्यावर काय झाले. ऊसतोडीला जाणाऱ्यांना गोळ्या साठ्यात असतील तितक्या, जमल्यास सीझनभराच्या देतो, बरोबर एक कार्ड देतो, त्यावर दुखण्याचे आणि औषधाचे नाव, म्हणजे तिकडच्या डॉक्टरला कळावे. ती एकोणतीस वर्षांची बाई मार्चमध्ये परत आली तेव्हा तिचे कार्ड मळून काळे झाले होते, पण होते. पिशवीची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही, रक्त मात्र अजून कमीच आहे.

पुण्याच्या मुलीचा मागच्या महिन्यात फोन आला. ती आता स्वतः एका केंद्रावर आहे आणि तिच्याकडे पहिले दोन इंटर्न यायचे आहेत. स्टूल आहे का, असे मी विचारले. म्हणाली, "आहे सर, पण एक पाय डुगडुगतो." इथे चौकात ट्रॅक्टर उभे राहू लागले आहेत. दिवाळी झाली की गाड्या हलतील, आणि अजून शंभरेक कार्डे लिहायची राहिली आहेत.